जुने वैज्ञानिक सॉफ्टवेअर आजच्या लिनक्सवर बसवताना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयात भूशास्त्र, भौतिकशास्त्र अथवा भूगोल या विषयांत पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती नव्या संगणकाबरोबर एखादा जुना प्रोग्रॅमही येतो. तो मार्गदर्शकांनी त्यांच्या विद्यार्थिदशेत वापरलेला असतो, त्याची गाठोडीबंद टार फाइल पेनड्राइव्हवर असते, आणि त्यावरच यावल-रावेर पट्ट्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीचे किंवा एखाद्या जुन्या सर्वेक्षणाचे सगळे गणित बेतलेले असते. प्रयोगशाळेतल्या संगणकावर मात्र ताजे उबुंटू किंवा फेडोरा असते, आणि सोर्सपासून प्रोग्रॅम बांधणारी ‘मेक’ ही आज्ञा दिल्याबरोबर पडदाभर एरर उमटतात. असे सॉफ्टवेअर चालते कसे करावे, याची कामाची पद्धत या लेखात सांगितली आहे. लेखात आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

मुळात एक गोष्ट समजून घेतली म्हणजे पुढची बरीच वणवण वाचते. प्रोग्रॅम ज्या दिवशी लिहिला गेला त्या दिवशी तो चालत होता. त्यानंतर त्यातले एक अक्षरही बदललेले नाही. बदलला तो कंपायलर (लिहिलेल्या सोर्सचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणारा प्रोग्रॅम), बदलल्या त्या लायब्ऱ्या (अनेक प्रोग्रॅम वापरतात ते तयार कोडचे संच) आणि बदलले ते त्या कुठे ठेवायच्या याचे संकेत. म्हणून ‘यात काय चुकले आहे’ असे विचारण्याऐवजी ‘हा प्रोग्रॅम कोणत्या साली, कोणत्या यंत्रणेवर लिहिला’ असे विचारावे. साल हाती लागले की निम्म्याहून अधिक एररचा उगम आपोआप कळतो.

साल कसे ओळखावे

टार फाइल उलगडताना मूळ फाइलींच्या तारखा जशाच्या तशा राहतात, त्यामुळे ‘एलएस -एल’ या साध्या आज्ञेनेच पहिला अंदाज येतो. त्यानंतर मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या सूचनांची फाइल, उघडून कंपायलरचे नाव पाहावे. तिथे ‘जी७७’ असेल, किंवा लिंक करायच्या लायब्ऱ्यांत ‘-एलजी२सी’ असेल, तर प्रोग्रॅम २००५ पूर्वीच्या वळणाचा आहे, कारण त्या वर्षी आलेल्या जीसीसी ४.० मध्ये (जीसीसी हा लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर-संच) जी७७ हा फोर्ट्रान भाषेचा कंपायलर काढून त्याच्या जागी जीफोर्ट्रान आणले गेले. ‘/यूएसआर/एक्स११आर६’ असा मार्ग दिसला तर तोही त्याच सुमाराचा. ‘कॉन्फिगर’ या, बांधणीआधी संगणक तपासणाऱ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीच्या ओळींत ती ऑटोकॉन्फच्या कोणत्या आवृत्तीने तयार केली हे लिहिलेले असते, २.१३ हा आकडा दिसला तर तो १९९९ च्या आसपासचा माल समजावा. पायथनच्या फाइलींत ‘प्रिंट’ नंतर कंस नसेल तर तो पायथन २ आहे. त्याची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली असून उबुंटू २४.०४ च्या भांडारात तो मिळतही नाही.

साल कळल्यावर लगेच बांधणीला लागू नये. आधी ‘एप्ट सर्च’ करून तेच सॉफ्टवेअर वितरणाच्या भांडारात तयार आहे का, किंवा त्याचा चालू वारस आहे का, ते पाहावे. भूजलाच्या अभ्यासकांना ओळखीचे उदाहरण मॉडफ्लोचे आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे हे प्रारूप १९८० च्या दशकापासून चालत आले असून आज त्याची मॉडफ्लो ६ ही आवृत्ती सांभाळली जाते. मॉडफ्लो-२००५ साठी तयार केलेल्या इनपुट फाइली मॉडफ्लो ६ मध्ये थेट चालत नाहीत, पण त्या रूपांतरित करून देणारा ‘एमएफ५टू६’ हा छोटा प्रोग्रॅम मॉडफ्लो ६ बरोबरच मिळतो. नवे काम सुरू करायचे असेल तर हाच मार्ग शहाणपणाचा. जुना प्रबंध, त्यातले आकडे आणि त्यांच्याशी तुलना हाच कामाचा विषय असेल, तेव्हा मात्र जुनी आवृत्तीच उभी करावी लागते, आणि मग पुढचे सगळे ओघाने आले.

पहिली एरर वाचावी, शेवटची नव्हे

बांधणी कोसळली की आपली नजर साहजिकच पडद्याच्या तळाशी जाते. तिथे ‘एरर २’ किंवा ‘लीव्हिंग डिरेक्टरी’ अशी निरर्थक ओळ असते, आणि मंडळी तीच ओळ शोधयंत्रात टाकून भलत्याच उपायांच्या मागे लागतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होतो. खरे कारण पुष्कळ वर, पहिल्या एररपाशी असते आणि नंतरच्या बहुतेक एरर तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

यासाठी बांधणीचा सगळा मजकूर फाइलीत साठवावा. ‘मेक २>&१ | टी बांधणी.लॉग’ असे लिहिले की मजकूर पडद्यावरही दिसतो आणि फाइलीतही जातो. मग त्या फाइलीत ‘एरर’ हा शब्द वरून खाली शोधत यावे. जुन्या मेकफाइलसाठी ‘-जे’ हा पर्याय वापरू नये. एकाच वेळी अनेक फाइली बांधल्या की एररचा क्रम विस्कटतो, शिवाय जुन्या मेकफाइलमध्ये कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे नीट लिहिलेले नसल्याने एरवी न येणाऱ्या एररही येतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर ‘मेक क्लीन’ करून पहिल्यापासून बांधावे, नाहीतर आधीच्या पर्यायांनी बनलेल्या फाइली तशाच राहतात आणि मागचे पाढे पंचावन्न होतात.

कंपायलर कडक झाला म्हणून येणाऱ्या एरर

फोर्ट्रानमध्ये सर्वांत जास्त भेटणारी एरर ‘टाइप मिसमॅच’ ची. जुन्या प्रोग्रॅममध्ये एकाच सबरूटीनला एका ठिकाणी रिअल संख्यांचा ॲरे आणि दुसऱ्या ठिकाणी इंटिजरचा ॲरे देण्याची सर्रास पद्धत होती. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, जीफोर्ट्रान ही गोष्ट एरर मानतो. ‘-एफअलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा पर्याय दिला की तो पुन्हा केवळ ताकीद देऊन पुढे जातो. ‘-एसटीडी=लेगसी’ हा त्याहून व्यापक पर्याय असून जुन्या प्रोग्रॅमसाठी मी सुरुवातीपासून तोच देतो. ओळी ७२ व्या स्तंभापलीकडे गेल्यामुळे तुटत असतील तर ‘-एफफिक्स्ड-लाइन-लेंथ-१३२’ द्यावा, आणि व्हॅक्स यंत्रावर वाढलेल्या प्रोग्रॅमसाठी ‘-एफडेक’ वापरून पाहावा. हा पर्याय जीसीसी ७ पासून आहे.

सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये लिंक करताना ‘मल्टिपल डेफिनिशन’ असे आले, आणि तेही हेडर फाइलीतल्या एखाद्या साध्या व्हेरिएबलबद्दल, तर त्याचे मूळही जीसीसी १० मध्येच आहे. तोवर अशा व्हेरिएबलांच्या अनेक प्रती कंपायलर मुकाट्याने एकत्र करत असे; ती सवय त्याने सोडली, आणि ‘-एफकॉमन’ दिल्यास तो ती पुन्हा पाळतो. २०२४ च्या जीसीसी १४ ने आणखी एक पाऊल टाकले. फंक्शन आधी जाहीर न करता वापरणे किंवा फंक्शनचा परतीचा प्रकार न लिहिणे, ही जुन्या सी प्रोग्रॅमची रोजची तऱ्हा आता एरर ठरते. इथे ‘-एसटीडी=जीएनयू८९’ ने बहुतेक काम होते; पॉइंटरचे प्रकार जुळत नसल्याच्या तक्रारी उरल्या तर ‘-एफपर्मिसिव्ह’ जोडावा. २०२५ च्या जीसीसी १५ मध्ये सी भाषेचे २०२३ चे प्रमाण आपोआप लागू होते, त्यामुळे स्वतःचा ‘बूल’ प्रकार तयार करणारे प्रोग्रॅम अडतात; तिथे ‘-एसटीडी=जीएनयू१७’ पुरेसा ठरतो.

हे पर्याय कुठे लिहायचे, यातही अनेकांचा गोंधळ होतो. ‘कॉन्फिगर’ असेल तर ते ‘सीफ्लॅग्ज’ आणि ‘एफफ्लॅग्ज’ या नावांनी ‘कॉन्फिगर’ च्याच ओळीत द्यावेत. नुसतीच मेकफाइल असेल तर आत कोणते नाव वापरले आहे ते पाहावे, कारण एकाच मेकफाइलमध्ये ‘एफएफएलएजीएस’, ‘एफओपीटी’ आणि ‘ओपीटी’ अशी तीन नावे वेगवेगळ्या उपफोल्डरांसाठी असू शकतात. पर्याय खरोखर लागू झाला की नाही, हे लॉगमध्ये कंपायलरची पूर्ण ओळ वाचूनच ठरवावे.

लायब्ररी आहे, तरी सापडत नाही

‘कॅनॉट फाइंड -एलएक्स११’ अशी एरर येते तेव्हा संगणकावर ती लायब्ररी बहुधा असतेच; नसते ते तिचे विकासकांसाठीचे पॅकेज. डेबियन आणि उबुंटूवर या पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असते, फेडोरावर ‘-डेव्हल’. कोणती फाइल कोणत्या पॅकेजमध्ये आहे हे माहीत नसेल तर ‘एप्ट-फाइल सर्च’ सांगते. दुसरा प्रकार ‘कॉन्फिगर’ चा. उबुंटूने ११.०४ पासून लायब्ऱ्या ‘/यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ या फोल्डरात हलवल्या, आणि जुनी स्क्रिप्ट मात्र ‘/यूएसआर/लिब’ मध्येच शोधत बसते. तिला नवा मार्ग ‘एलडीफ्लॅग्ज’ मधून सांगावा लागतो.

सगळ्या लायब्ऱ्या सापडूनही ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येत असेल तर मेकफाइलमधली लिंक करण्याची ओळ निरखावी. लायब्रऱ्यांची नावे ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लिहिली असतील तर ती शेवटी न्यावीत. पूर्वी हा क्रम चालून जाई. उबुंटूच्या लिंकरला ११.१० पासून तो चालत नाही. ‘रिलोकेशन’ आणि ‘पीआयई’ हे शब्द एकाच ओळीत दिसले तर लिंक करताना ‘-नो-पीआयई’ द्यावे. ‘आरपीसी/आरपीसी.एच’ नावाची हेडर फाइल मिळत नसेल तर ती जीलिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या २.३२ या आवृत्तीतून, म्हणजे २०२० मध्ये, गेली हे ध्यानात घेऊन ‘लिबटीआयआरपीसी’ चे डेव्ह पॅकेज बसवावे आणि त्याच्या हेडरचा मार्ग द्यावा. ‘कॉन्फिगर’ ने ‘कॅनॉट गेस बिल्ड टाइप’ असे म्हटले तर ‘ऑटोटूल्स-डेव्ह’ पॅकेज बसवून ‘/यूएसआर/शेअर/मिस्क’ मधल्या ‘कॉन्फिग.गेस’ आणि ‘कॉन्फिग.सब’ या दोन फाइली जुन्यांच्या जागी ठेवाव्यात. जुन्या स्क्रिप्टला आजचा प्रोसेसर ठाऊकच नसतो.

पीजीप्लॉट: एक उदाहरण तपशिलाने

वर सांगितलेले बहुतेक सारे एकाच ठिकाणी पाहायचे असेल तर पीजीप्लॉट ही आलेख काढण्याची फोर्ट्रान लायब्ररी बांधून पाहावी. कॅलटेकमध्ये टिम पिअर्सन यांनी ती तयार केली, तिची ५.२.२ ही शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, आणि खगोलशास्त्रातले कितीतरी जुने प्रोग्रॅम आजही तिच्यावाचून उभे राहत नाहीत. डेबियनच्या ‘नॉन-फ्री’ भांडारात ती ‘पीजीप्लॉट५’ नावाने तयार मिळते, आणि तिचीच फंक्शने पुरवणारी ‘गिझा’ ही नवी मुक्त लायब्ररीही आहे. त्यांपैकी एकीने काम भागले तर उत्तमच. न भागल्यास पुढीलप्रमाणे करावे.

मूळ सोर्स एका फोल्डरात आणि बांधणी दुसऱ्या फोल्डरात, अशी तिची रचना आहे. बांधणीच्या फोल्डरात ‘ड्रायव्हर्स.लिस्ट’ या फाइलीची प्रत घ्यावी. तीत प्रत्येक ओळ म्हणजे आलेख काढण्याचे एक साधन असते आणि ओळीच्या आरंभी उद्गारचिन्ह असेल तर ते साधन बंद असते. पोस्टस्क्रिप्टचे चारही प्रकार, पीएनजीचे दोन आणि एक्स विंडोचे दोन, एवढ्यांपुढचे उद्गारचिन्ह काढावे. हौसेने सगळीच साधने सुरू करू नयेत; त्यांतली अनेक यंत्रे आता संग्रहालयातही दिसायची नाहीत, आणि जीआयएफचा ड्रायव्हर आजच्या कंपायलरवर त्रासच देतो.

त्यानंतर सोर्समधल्या ‘सिस_लिनक्स’ या फोल्डरातली ‘जी७७_जीसीसी.कॉन्फ’ ही फाइल उघडावी. ‘एफकॉम्पल’ या नावापुढे ‘जी७७’ लिहिलेले असते, तिथे ‘जीफोर्ट्रान’ लिहावे. याच फाइलीत फोर्ट्रानच्या पर्यायांत ‘-एसटीडी=लेगसी’ जोडावे आणि लायब्ऱ्यांच्या यादीत पीएनजी व झेडलिब आहेत याची खात्री करावी. मग बांधणीच्या फोल्डरातून ‘मेकमेक’ ही स्क्रिप्ट, सोर्सचा मार्ग, ‘लिनक्स’ आणि ‘जी७७_जीसीसी’ हे तीन शब्द देऊन चालवावी. ती मेकफाइल तयार करते.

आता ‘मेक’ दिले की पहिला अडथळा येतो तो असा: ‘पीएनजी.एच’ बनवण्याचा नियम नाही, असे सांगून मेक थांबते. या मेकफाइलमध्ये ‘पीएनड्राइव्ह.ओ’ पासून सुरू होणारी एक ओळ असते, जी पीएनजी आणि झेडलिबच्या चार हेडर फाइली याच फोल्डरात असाव्यात अशी अपेक्षा करते. त्या काळी त्या हाताने आणून ठेवण्याची रीत होती; आता त्या यंत्रणेत असतात, म्हणून ही ओळ सरळ काढून टाकावी. दुसरा अडथळा ‘पीएनड्राइव्ह.सी’ मध्येच येतो. तिथे कोड पीएनजीच्या अंतर्गत रचनेत थेट हात घालून ‘जंपबफ’ हे घटक वाचतो. लिबपीएनजीच्या १.५ आवृत्तीपासून ती रचना बाहेरून दिसेनाशी झाली आहे. ‘सेटजंप’ च्या कंसात ‘पीएनजी_पीटीआर->जंपबफ’ असे लिहिले आहे, त्याऐवजी ‘पीएनजी_जंपबफ(पीएनजी_पीटीआर)’ असे लिहावे. एका ओळीचा बदल, पण तो न सांगता कोणाला सुचणे कठीण.

बांधणी पूर्ण झाल्यावर ‘पीजीडेमो१’ चालवावे. पुष्कळदा असे होते की आलेखाची रेघ दिसते, चौकट दिसते, पण अक्षांवरचे आकडे आणि शीर्षक यांचा पत्ता नसतो. टर्मिनलमध्ये त्याच वेळी फॉण्टची फाइल वाचता येत नसल्याची सूचना येऊन गेलेली असते. ‘पीजीप्लॉट_डीआयआर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला बांधणीच्या फोल्डराचा मार्ग दिला की ‘जीआरफॉण्ट.डॅट’ सापडते आणि अक्षरे उमटतात. ही ओळ ‘.बॅशआरसी’ मध्ये लिहून ठेवावी.

सोर्स नाही, फक्त तयार प्रोग्रॅम आहे

काही वेळा सोर्स हाती नसतो, नुसती चालवायची फाइल असते. ती समोर दिसत असूनही शेल ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणतो तेव्हा माणूस चक्रावून जातो. अशा वेळी ‘फाइल’ ही आज्ञा त्या प्रोग्रॅमवर चालवावी. उत्तरात ‘३२-बिट’ आले तर शेलला न सापडणारी फाइल आपला प्रोग्रॅम नसून त्याला स्मृतीत चढवणारा ३२-बिट लोडर आहे. उबुंटू-डेबियनवर ‘डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६’ करून, यादी ताजी करून, ‘लिबसी६:आय३८६’ बसवले की तो येतो.

मग ‘एलडीडी’ चालवून ‘नॉट फाउंड’ असलेल्या लायब्ऱ्या पाहाव्यात. त्यांच्या नावातला आकडा पुन्हा साल सांगतो: ‘लिबजीफोर्ट्रान.एसओ.३’ म्हणजे जीसीसी ६ पर्यंतचा काळ, ४ म्हणजे जीसीसी ७, ५ म्हणजे त्यानंतरचा, ‘लिबएसटीडीसी++.एसओ.५’ म्हणजे जीसीसी ३.३ चा जमाना. इथे एक उपाय फार सांगितला जातो, तो म्हणजे नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या नावाने तीच फाइल दाखवणारा दुवा, देणे. तो करू नये. ‘लिबपीएनजी१२’ च्या जागी ‘लिबपीएनजी१६’ जोडले तर प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच पडतो, हे त्यातल्या त्यात बरे. न पडता चुकीचे आकडे देत राहिला तर ते ओळखायचे कोणी? शिवाय अशी लिंक ‘/यूएसआर/लिब’ मध्ये केली तर संगणकावरचे इतर प्रोग्रॅमही तिच्या वाटेला जातात. खरी जुनी लायब्ररी डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहातून किंवा उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांच्या भांडारातून घ्यावी, प्रोग्रॅमशेजारी वेगळ्या फोल्डरात ठेवावी, आणि ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ फक्त त्या प्रोग्रॅमपुरता देणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहावी.

कंटेनर केव्हा वापरावा

गहाळ लायब्ऱ्या दोन-तीन असतील तर वरील उपाय ठीक. यादी वाढत गेली, क्यूटी ४ किंवा पायथन २ लागले, की हट्ट सोडून त्या काळची सगळी यंत्रणाच कंटेनरमध्ये, म्हणजे आजच्या लिनक्सच्या आत वेगळ्या राखलेल्या जुन्या लिनक्समध्ये, उभी करावी. माझ्या मते संशोधनासाठी डॉकरपेक्षा ॲपटेनर सोयीचा आहे. याचे आधीचे नाव सिंग्युलॅरिटी. त्यात चालवणाऱ्याला रूटचे अधिकार लागत नाहीत, घरचे फोल्डर आत आपोआप दिसते, आणि सारी यंत्रणा एका ‘.एसआयएफ’ फाइलीत मावते. ती फाइल पेनड्राइव्हवर घालून धुळ्याच्या प्रयोगशाळेतून नंदुरबारच्या प्रयोगशाळेत नेता येते. तालुक्याच्या गावी, जिथे मोठे डाउनलोड अर्ध्यावर तुटते आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे या एका गुणासाठी तो निवडावा.

कंटेनर बांधताना दोन खाचा ठरलेल्या आहेत. सेंटओएस ६ ची देखभाल नोव्हेंबर २०२० मध्ये आणि सेंटओएस ७ ची जून २०२४ मध्ये संपल्याने पॅकेज बसवणाऱ्या ‘यम’ या आज्ञेला नेहमीच्या पत्त्यावर काही मिळत नाही. भांडाराचा पत्ता बदलून ‘व्हॉल्ट’ चा करावा लागतो. डेबियनच्या संग्रहातून जुने पॅकेज घेताना ‘रिलीज’ फाइलीची मुदत संपल्याची तक्रार येते, ती ‘चेक-व्हॅलिड-अनटिल’ हा पर्याय बंद केल्याने जाते. दुसरी खाच अधिक फसवी आहे. सेंटओएस ६ चा कंटेनर काही संगणकांवर सुरू होताच काहीही न बोलता १३९ हा कोड देऊन मरतो. दोष कंटेनरच्या प्रतिमेचा (इमेजचा) नसतो. त्या काळची जीलिबसी कर्नलची ‘व्हीसिसकॉल’ ही सोय वापरते आणि डेबियनसारख्या वितरणांच्या कर्नलमध्ये ती बंद असते. ग्रब या, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या कर्नलच्या ओळीत ‘व्हीसिसकॉल=एम्युलेट’ लिहून संगणक पुन्हा सुरू करावा.

बसले, पण चालत नाही

सी-शेलच्या स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणाल्या तर ‘टीसीएसएच’ पॅकेज बसवावे. त्याच एररच्या शेवटी ‘^एम’ दिसत असेल तर फाइल विंडोजवरून फिरून आली आहे. ‘डॉस२युनिक्स’ ने ती साफ करावी. फोर्ट्रान प्रोग्रॅम सुरू होताक्षणी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देत असेल तर आधी ‘यूलिमिट -एस अनलिमिटेड’ करून पाहावे, कारण मोठे ॲरे स्टॅकमध्ये मावत नाहीत. जुन्या एक्स विंडो प्रोग्रॅमने फॉण्टची तक्रार केली तर ‘एक्सफॉण्ट्स-७५डीपीआय’ आणि ‘एक्सफॉण्ट्स-१००डीपीआय’ ही पॅकेजेस लागतात.

मराठी वापरकर्त्यांच्या वाट्याला खास येणारी अडचण निराळी आहे. संगणकाची भाषा मराठी ठेवली असेल तर ‘डेट’ या आज्ञेतून महिन्यांची नावे मराठीत येतात आणि ‘जॅन’, ‘फेब’ अशी नावे शोधणारी स्क्रिप्ट गोंधळते. प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी ‘एलसी_ऑल=सी’ देणे हा त्यावर सोपा उतारा. फोल्डरांची नावेही सांभाळावीत. जुन्या फोर्ट्रानमध्ये फाइलीचा पूर्ण मार्ग बहुधा ८० अक्षरांच्या चौकटीत वाचला जातो आणि उरलेला भाग गुपचूप कापला जातो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना-मात्राही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘रावेर’ एवढ्या लहानशा नावाचे १५ बाइट होतात. घरचे फोल्डर, त्यात ‘प्रबंध’, त्यात ‘विहिरींच्या नोंदी’, त्यात ‘रावेर’ असे करत गेले की ८० ची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते आणि समोर असलेली फाइल ‘मिळत नाही’. अशा कामासाठी घरच्या फोल्डरातच लहान रोमन नावाचे, मोकळी जागा नसलेले फोल्डर करावे.

आकडे जुळतात का

प्रोग्रॅम एरर न देता चालला याचा अर्थ तो बरोबर चालला असा नाही, आणि जुन्या सॉफ्टवेअरबाबत हे विसरले तर प्रबंधात चुकीचा तक्ता छापला जातो. सॉफ्टवेअरबरोबर बहुधा नमुन्याची इनपुट फाइल आणि तिचे अपेक्षित उत्तर दिलेले असते. आपला विदा भरण्याआधी तो नमुना चालवून ‘डिफ’ ने तुलना करावी.

शेवटच्या एक-दोन अंकांत फरक दिसला तर घाबरू नये. ३२-बिट काळात गणित प्रोसेसरच्या ८० बिटी घरांत होत असे, आज ते ६४ बिटांत होते; ‘-एमएफपीमॅथ=३८७’ देऊन पुन्हा बांधल्यावर फरक नाहीसा झाला तर कारण हेच. उत्तरे सपशेल वेगळी असतील, किंवा प्रत्येक वेळी बदलत असतील, तर सबरूटीनमधल्या व्हेरिएबलकडे पाहावे. पूर्वीच्या अनेक कंपायलरांत त्यांची किंमत एका हाकेपासून दुसऱ्या हाकेपर्यंत टिकून राही आणि सुरुवातीला ती शून्य असे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्यावरच विसंबून काम केलेले असते. ‘-एफनो-ऑटोमॅटिक’ आणि ‘-एफइनिट-लोकल-झिरो’ हे दोन पर्याय ती जुनी वागणूक परत आणतात. ‘-ओ३’ ऐवजी ‘-ओ०’ ने बांधल्यावर उत्तर सुधारत असेल तरीही संशय याच जागी घ्यावा.

जुन्या बायनरी विदा फाइली वाचताना संख्या अवाढव्य किंवा शून्याजवळच्या निघाल्या तर त्या बहुधा सन किंवा एसजीआयच्या वर्कस्टेशनवर, बाइटच्या उलट क्रमाने लिहिलेल्या असतात. ‘-एफकन्व्हर्ट=बिग-एंडियन’ देऊन बांधलेला प्रोग्रॅम त्या सरळ वाचतो. मात्र तो पर्याय लिहिण्यालाही लागू होतो, त्यामुळे अशा प्रोग्रॅमने तयार केलेल्या नव्या फाइली इतर प्रोग्रॅमांना उलट्या दिसतील. वाचून नव्या क्रमात उतरवणारा छोटा प्रोग्रॅम एकदाच लिहावा, जुनी फाइल तशीच जपून ठेवावी, आणि कोणती फाइल कोणत्या क्रमात आहे हे, कंपायलरच्या आवृत्तीसह व दिलेल्या प्रत्येक पर्यायासह, त्याच फोल्डरातल्या एका साध्या मजकूर फाइलीत लिहून ठेवावे.